सर्वांत जवळचा सहकारी

ऑफिस म्हणजे काहीतरी भारदस्त प्रकरण असते, असा तिचा लग्न झाल्यापासूनचा समज होता. नवरा सकाळी भांग पाडून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून घरी यायचा. त्या आठ्या बघून तिला वाटायचे, तिथे मोठमोठे निर्णय होत असतील, टेबलांवर मुठी आपटत असतील. पुढे कंपनीने इमारतीचे भाडे वाचवायला सगळ्यांना आपापल्या घरी बसवले आणि ऑफिस आतल्या खोलीत आले. तरी दार बंदच असायचे. ती बाहेर शिवणयंत्रावर लोकांचे पडदे शिवत बसायची आणि दारामागून येणाऱ्या पुटपुटण्यालासुद्धा मान द्यायची. शेजारीण मोठ्याने हसली तर म्हणायची, "हळू गं, आत ऑफिस चालू आहे."

मग ऐन उन्हाळ्यात नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, ते दार उघडून तिला स्वतःला त्या खुर्चीवर बसावे लागले, आणि झाकली मूठ उघडली. मुठीत काही म्हणजे काही नव्हते.

कंपनी कपाटे आणि पलंग विकायची. फळ्या खोक्यात घालून पाठवायची आणि जोडायचे काम गिऱ्हाइकाच्या माथी मारायची. मग गिऱ्हाइके लिहायची, की स्क्रू कमी आलेत, दार तिरके लागते, पलंग रात्री कुरकुरतो. त्यांना गोड भाषेत उत्तर लिहायचे, एवढेच काय ते नवऱ्याचे काम. त्यासाठी मोजकी वाक्ये आधीपासून ठरलेली होती. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे पहिले. दिलगीर कोणीच नसायचे. ती लिहिता-वाचता येणारी बाई. कळफलकावर एका बोटाने सुरुवात करून महिन्याभरात तिचा हात बसला. अडले तर नवरा शेजारच्या पलंगावरून सांगायचा. त्याचा उजवा हात लुळा पडला होता, उजवा गाल उतरला होता, जीभ जड झाली होती; पण डोके पूर्वीसारखेच तल्लख होते, आणि स्वभावही पूर्वीसारखाच, म्हणजे कडू.

नवऱ्याच्या नावाने काम करायचे हे सोंग तिने हौसेने घेतले नव्हते. नवऱ्याच्याच हाताखाली एक बाई होती. तिच्या मणक्याला काहीतरी झाले आणि तिला काही दिवस बसता येईना. कंपनीने तिला संगणकाच्या पडद्यावर निरोप दिला. रंगीत फुग्यांची चित्रे उडवली, सगळे दोन-दोन शब्द चांगले बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे नाव यादीतून गेले. नवऱ्यानेच तेव्हा घरी येऊन, म्हणजे आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येऊन, सांगितले होते, "फुगे उडाले की समजायचं, माणूस गेला." डॉक्टर म्हणाले होते की नेटाने व्यायाम केला तर वर्षभरात हात वळेल, बोलणे सुधारेल. तेवढे वर्ष त्याची खुर्ची राखायची होती. पडद्यांच्या शिलाईत घर चालत नाही, औषध तर त्याहून नाही. म्हणून ती त्याच्या नावाने आत शिरली, पहिल्याच दिवशी लिहून टाकले, 'आमच्याकडे नेट कमजोर आहे, कॅमेरा आणि आवाज चालू करता येत नाही,' आणि छातीवर हात ठेवून बसली. आता कोणीतरी विचारेल, फोन करेल, दारात येऊन उभे राहील.

कोणी विचारले नाही. पुढेही विचारले नाही. त्यातले दोघेतिघे याच शहरात राहत होते. बसने आले असते तर उतरून दारात पोचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. नवऱ्याच्या टेबलाला टेबल लावून इतकी वर्षे बसलेला एक होता, त्याला घरात सगळे 'बाजूचा' म्हणत. त्याने नवऱ्याचा स्टेपलर नेला होता तो आजतागायत परत केला नव्हता. त्यानेही विचारले नाही.

पण एकमेकांपासून दूर बसलेली ही माणसे एकमेकांना धरून राहावीत म्हणून कंपनीने एक मॅडम मात्र नेमली होती. सुसंवाद मॅडम. नुसता सुसंवाद करायचा, त्याचा पगार घ्यायचा. रोज सकाळी ती सगळ्यांच्या गटात लिहायची, 'कसे आहात सगळे?' आणि पुढे एक पिवळे हृदय. त्यावर सगळ्यांनी एक अंगठा दाबायचा, की झाली माणुसकी. मॅडम ते लिहून दुसऱ्या कामाला, बाकीचे अंगठा दाबून दुसऱ्या कामाला. दारावरून जाणाऱ्याने दाराला हात लावून पुढे जावे, आत कोण आहे ते बघायचेच नाही, तशी ती विचारपूस.

ही रीत पडदे शिवणाऱ्या त्या बिचारीला माहीत नव्हती. कोणी 'कसे आहात' विचारले तर उत्तर द्यायचे आणि उलटून विचारायचे, एवढेच तिला घरून माहीत. आणि तिथेच तिने चूक केली. पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याच्या नावाने लिहिले, 'रात्री झोप लागली नाही, पाय दुखत होता, पहाटे जरा बरे वाटले. तुम्ही कशा आहात मॅडम? काल बोलताना खोकत होतात. कोमट पाणी पीत जा.'

तळ्यात धोंडा पडावा तसे झाले. मग मॅडमने पिवळ्याऐवजी लाल हृदय पाठवले. मग एकेकाने गटाबाहेर, एकट्याला लिहायला सुरुवात केली. एकीचे सासूशी पटत नव्हते. एकाला घर बदलायचे होते पण बायको ऐकत नव्हती. एकाचे केस गळत होते, आणि त्याला वाटत होते की ते साहेबामुळे गळतात. ती पातेल्याखालचा गॅस बारीक करायची, ओले हात पदराला पुसायची आणि सगळ्यांना उत्तरे द्यायची. काय बाई माणसे! शिकलेली, कमावती, आणि दोन शब्दांसाठी इतकी वखवखलेली, की समोरचा कोण आहे हेसुद्धा बघायची शुद्ध नाही. आपले गाऱ्हाणे ओतायचे, हलके व्हायचे, आणि चालू लागायचे. 'तुमचा पाय कसा आहे' असे त्यातल्या एकानेही परत विचारले नाही.

नवरा पलंगावरून सगळे वाचून घ्यायचा आणि तळमळायचा.

"हे... कोण... लिहितंय?"

"तुम्हीच."

"मी... इतका... गोड... नाही."

"ते मला सांगताय? संसार कोणी केलाय तुमच्याबरोबर?"

"त्या... केसवाल्याला... मी... ओळखतो. मूर्ख... आहे."

"मूर्ख आहे म्हणून केस गळायचे थांबतात का? आवळ्याचं तेल लाव म्हणून सांगितलं. काय बिघडलं?"

"माझी... अब्रू... बिघडली," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आयुष्यभर त्याने कोणाला कसे आहात म्हणून विचारले नव्हते, आणि कोणी विचारलेले त्याला खपत नव्हते. माणूस घुम्या होता, पण खोटा नव्हता. आणि आता त्याच्या नावाने त्याचीच बायको गावभर साखर वाटत होती.

त्या साखरेला मुंग्या लागायच्या त्या लागल्याच.

दर शुक्रवारी दुपारी 'गप्पांचा तास' असायचा. सगळ्यांनी पडद्यावर आपापल्या चौकोनात यायचे आणि मॅडम सांगेल तशी मजा करायची. कधी सगळ्यांनी टोपी घालून यायचे. कधी घरातली आवडती वस्तू दाखवायची. एक जण पाठीमागे समुद्रकिनाऱ्याचे चित्र लावून बसायचा आणि तो हलला की समुद्रातून वाळत घातलेले टॉवेल डोकावायचे. आवाज बंद ठेवून सगळे हसायचे; काचेच्या टाकीतल्या माशांसारखी नुसती तोंडे उघडझाप. हसण्याआधी प्रत्येकाचा डोळा कोपऱ्यातल्या साहेबाच्या चौकोनाकडे जायचा. साहेब हसले की मासे हसले. मोठी कर्ती माणसे ती, घरी त्यांना आईबाप म्हणणारी पोरे होती, आणि भर दुपारी डोक्यावर कागदी टोप्या घालून बसली होती. ती पडदे शिवणारी बाई आपल्या काळ्या चौकोनाआड बसून भाजी निवडायची आणि मनात म्हणायची, याच्यासाठी माझा नवरा भांग पाडून जायचा?

अशाच एका शुक्रवारी मॅडमने जाहीर केले, की कंपनीने यंदापासून एक बक्षीस ठेवले आहे. 'सर्वांत जवळचा सहकारी.' सगळ्यांनी मते दिली आहेत, आणि सगळ्यात जास्त मते मिळालीत... इथे तिने उगाच श्वास रोखला... आणि तिने नवऱ्याचे नाव घेतले.

"पुढच्या शुक्रवारी समारंभ! मोठे साहेब स्वतः येणार आहेत. सर, या वेळी मात्र कॅमेरा चालू हवा हं. नेटची अडचण सांगू नका, मी माणूस पाठवून दुरुस्त करून देते!"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. इतके दिवस ज्याला भ्यायचे ते आले होते, आणि आले ते हार घेऊन. नवऱ्याचा चेहरा दिसला की संपले. मग पुढच्याच आठवड्यात फुगे.

संध्याकाळी नणंद आली. ती जवळच्याच वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि जगातल्या सगळ्या अडचणींवर तिच्याकडे तोडगा असायचा.

"वहिनी, तूच बस की. दादाचा शर्ट घाल, केस टोपीत घाल. मिशी मी काढून देते, काजळानं."

"आणि आवाज?"

"घसा बसलाय म्हणायचं. नाहीतरी दादा बोलायचा कधी? त्याचा आवाज कसा आहे हे मलाच आठवत नाही."

पलंगावरून नवऱ्याने उशी भिरकावली. डाव्या हाताने भिरकावली म्हणून ती नणंदेला न लागता पाण्याच्या भांड्याला लागली.

"बघ, जोर येतोय हातात," नणंद म्हणाली. "मग सरळ सांगा, आजारी आहे म्हणून."

"तोच तर शब्द नको आहे. आजारी म्हटलं की गेलं."

"मी... बसतो," नवरा म्हणाला.



"बसून बोलाल काय?" तिने विचारले.

"खरं."

"खरं? वा! खरं बोलाल तुम्ही, आणि सोमवारपासून काय करायचं मग? तुमचं खरं वाण्याच्या तागडीत घालते आणि सांगते, एवढ्या वजनाचे तांदूळ द्या."

"माझ्या... नावाचं... खोटं बक्षीस... मला... नको."

"मला तरी कुठं हवंय? मला तुमची खुर्ची हवी आहे. तुम्ही बरे होईपर्यंत. नंतर लाथ मारा तिला, मी अडवायची नाही."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरले ते असे. तोच बसेल, पण खुर्ची तिरकी ठेवायची, म्हणजे डावा, चांगला गाल पडद्याकडे येईल. उजव्या बाजूची खिडकी बंद करून अंधार करायचा. बोलायचे फक्त 'धन्यवाद', तेही सावकाश. मग तिने वायर ओढायची, नेट गेले. आठवडाभर तिने त्याच्याकडून तो एक शब्द घोटून घेतला. पाठांतर न होणाऱ्या पोरासारखा तो चिडायचा. 'धन्य' यायचे आणि 'वाद' ओठातून हवेसारखे निसटायचे. पण गुरुवारपर्यंत शब्द बऱ्यापैकी उभा राहिला.

शुक्रवारी तिने त्याची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. पडद्यासमोर तिरके बसवले आणि स्वतः टेबलाखालच्या वायरीजवळ, पडद्यावर दिसणार नाही अशी, पाटावर बसली. एक शब्द आणि एक वायर, एवढ्यावर घर टांगले होते.

समारंभ सुरू झाला. मोठे साहेब आले. टक्कल तेवढे दिसत होते, कारण ते खाली बघून दुसरेच काहीतरी वाचत होते. मॅडमने सगळ्यांना सांगितले, की सरांबद्दल दोन-दोन शब्द बोला.

समुद्रवाला म्हणाला, "सर म्हणजे आमच्या टीमचं हसू आहे. इतका हसतमुख माणूस मी पाहिला नाही."

नवऱ्याचा डावा गाल थरथरला. त्याला हसताना लग्नाच्या फोटोतही कोणी पाहिले नव्हते.

केसवाला म्हणाला, "सर मला मोठ्या भावासारखे. पहिल्या दिवसापासून. ऑफिसात होतो तेव्हासुद्धा माझ्या टेबलापाशी येऊन पाठीवर हात ठेवायचे."

"खोटं," नवरा पुटपुटला. तिने टेबलाखालून त्याच्या पायाला चिमटा काढला.

मग बाजूचा. त्याने घसा खाकरला. "आमची तर जिवाभावाची मैत्री. टेबलाला टेबल. त्याच्या मनातलं मला न सांगता कळतं. आजही. अंतर शरीरांचं असतं, मनांचं नसतं." हे वाक्य त्याने कुठेतरी वाचलेले असणार, कारण ते बोलून त्याने स्वतःच मान डोलावली.

आता मोठ्या साहेबांनी वर बघितले, सगळ्या माशांनी टाळ्या वाजवल्या, आणि मॅडम म्हणाली, "सर, बोला ना!"

तिने वायर धरली.

नवरा बोलला नाही. त्याने डाव्या हाताने टेबलाची कड धरली, खुर्ची करकरत फिरवली, आणि आपला आख्खा चेहरा, चांगला आणि लोंबलेला दोन्ही, पडद्याला दाखवला. वायर ओढायचे ती विसरून गेली.

"मला..." तो म्हणाला, "झटका... आला. उन्हाळ्यात. हात... गेला. काम... मी... नाही... करत. ही... करते. बायको."

झाले. तिने डोळे मिटले. वाट बघितली.

"सर," मॅडमचा आवाज आला, "तुमचा आवाज तुटतोय."

"हो, मलाही तुटक येतोय," समुद्रवाला म्हणाला.

"चित्र पण अडकलंय," केसवाला म्हणाला. "बघा ना, डावी बाजू हलतेय आणि उजवी तशीच राहिलीय. अर्धंच लोड झालंय."

"माझ्याकडे पण तसंच होतं पाऊस असला की."

"सर, एकदा बाहेर जा आणि परत आत या, म्हणजे चेहरा नीट होईल."

नवरा जागच्या जागी बसून होता. त्याच्या उतरलेल्या गालावरून घामाची धार ओघळत होती, आणि पलीकडे ती सगळी हुशार मंडळी त्या गालाचे काय बिघडले यावर चर्चा करत होती. कोणी म्हणे कॅमेरा पुसा, कोणी म्हणे दुसरे काही चालू असेल तर बंद करा. माणसाला झटका आला आहे हे एकाच्याही डोक्यात येईना. येणार कसे? त्यासाठी बघावे लागते. ते तर आपापल्या चौकोनात स्वतःचाच चेहरा न्याहाळत होते.

बाहेर जाऊन आत या! आता मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची गेली खड्ड्यात, असेही तिने म्हटले नाही. काहीच म्हणायला ती थांबली नाही. पाटावरून उठली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून पडद्यात वाकली.

"अहो मॅडम, नेट चांगलं आहे. अगदी ठणठणीत आहे. माणसालाच झटका आलाय, दिसत नाही का तुम्हाला? बोलता येत नाही त्यांना. उन्हाळ्यापासून काम मी करतेय. तुम्हाला सगळ्यांना उत्तरं मी लिहितेय. आवळ्याचं तेल मी सांगितलं!"

मग मॅडमने दोन्ही हात गालांवर नेले.

"अय्या, वहिनी! सगळ्यांनी बघा, वहिनी आल्या! किती गोड! म्हणतात ना, प्रत्येक यशस्वी माणसामागे..."

पुढचे टाळ्यांत गेले. म्हणजे टाळ्यांच्या हालचालीत. आवाज सगळ्यांनी पुन्हा बंद केले होते.

मोठे साहेब आता पुरते जागे झाले. "हेच," ते म्हणाले, "हेच आपल्या कंपनीचं वेगळेपण. आपल्या कामात घरच्यांचाही हातभार. काम घरी गेलं म्हणून लोक रडतात; इथं बघा, घर कामात आलं. मॅडम, हे लिहून घ्या."

"घेतलं सर!"

"हातभार नाही हो," ती ओरडली, "हातच माझा..."

"वहिनी, तुमचाही आवाज तुटायला लागला," मॅडम लाडाने म्हणाली. "असू दे, भावना पोचल्या! आणि आपला तास संपला. सर, कंपनीतर्फे तुम्हाला नवीन वायफायचं यंत्र भेट. तुमच्यासारख्या माणसाचा आवाज पोचायलाच हवा!"

चौकोन एकेक करून विझले. आतल्या खोलीत दोघेच राहिले. दोघांचेही खरे सांगून झाले होते, आणि पडद्यावर बिघडले कुणाचे काहीच नव्हते. खुर्ची शाबूत होती. आपण आनंद करावा की काय करावे, हे तिला सुचेना.

तेवढ्यात फोन वाजला. बाजूचा.

"वहिनी, नमस्कार. एकट्याच आहात ना? हळू बोलतो." आवाजात तूप होते. "मी बघितलं हं. बाकीच्यांना नाही कळलं, पण माझ्या वडलांचं तोंड असंच झालं होतं. मी लगेच ओळखलं. काम तो करत नाही. बरोबर?"

"बरोबर."

इतक्या पटकन कबुली मिळेल असे त्याला वाटले नसावे. तो अडखळला. "अं... तर काळजी करू नका. मी कुणाला बोलणार नाही. आपली जिवाभावाची मैत्री. फक्त एक करा. माझ्याकडं तक्रारी फार साचल्यात. रोज थोड्या तुमच्याकडं सरकवत जाईन म्हणतो. तुमचा हात चांगला चालतो, असं दिसतंय."

मऊ लागले की कोपराने खणायचे, ही काही माणसांची जातच असते. आणि गंमत अशी, की सगळ्या ऑफिसात ज्याला खरे दिसले तो एकटा हा.

"भाऊजी," ती म्हणाली, "एक विचारते. त्यांचं तोंड बघून तुम्हाला कळलं, झटका आलाय. मग 'कसा आहे' असं एका शब्दानं तरी विचारायचंत."

"हो हो, ते तर... कसा आहे तो?"

"आता राहू दे. आणि तुमच्या तक्रारी तुमच्यापाशीच ठेवा."

"वहिनी, नीट विचार करा. मी साहेबांना सांगितलं तर..."

"सांगा की. आत्ताच सांगा. मी नाही का सांगितलं, सगळ्यांच्या देखत? त्यांनीही सांगितलं, मीही सांगितलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी. तुम्हालाही वाजवतील."



"तुम्ही सांगितलंत? कधी?"

"कधी म्हणजे? तुम्ही तिथंच होतात ना?"

"माझं भाषण झाल्यावर," बाजूचा म्हणाला, "मी तुमचा सगळ्यांचा आवाज बंद करून ठेवला होता. नुसतं बघत होतो."

तिने फोन ठेवला. नवऱ्याला सगळे ऐकू गेले होते. त्याच्या घशातून काहीतरी गुरगुरले, खांदे हलायला लागले, आणि ती घाबरून पाणी आणायला वळली. मग तिच्या लक्षात आले, की तो हसतो आहे. गाल एकीकडे, हसू दुसरीकडे, लाळ हनुवटीवर. बघण्यासारखे अजिबात नव्हते. तिने पदराने त्याचे तोंड पुसले.

"बरं... झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"झटका... आला. नाहीतर... मी... निवृत्त... होईपर्यंत... त्यांना... घाबरत... राहिलो असतो."

"मी अजून घाबरते," ती म्हणाली. "पगार त्यांच्याकडून येतो. पण आता तुम्हाला बाहेर न्यायला नाही घाबरायची. उन्हाळ्यापासून जिन्याखाली पाय ठेवला नाहीत, कोणी बघेल म्हणून. डॉक्टर ओरडून थकले. उठा."

"आत्ता? ऑफिसची... वेळ... आहे."

"असू दे."

तिने त्याच्या लुळ्या हाताखाली खांदा घातला आणि त्याला उभे केले. दाराशी जाऊन त्याने मागे पाहिले. पडदा चालूच होता, तक्रारी येत होत्या.

"कोणी... विचारलं... तर?"

"कोण विचारतंय?" ती म्हणाली, आणि त्याची चप्पल सरळ करून त्याच्या पायाशी ठेवली.